कोळशाने आखलेले दार

मी भिंत बोलते आहे. पण मला दगडाविटांची समजू नका. माझ्या पोटात सागाच्या पातळ पट्ट्या आहेत, बोटभर फट ठेवून ठोकलेल्या, आणि त्यांच्यावर दोन्ही अंगांनी चुन्याचा गिलावा. पाहणाऱ्याला मी भक्कम वाटते. टिचकी मारली की पोकळ वाजते.

पोलिस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात औरंगाबादेत, कुंभारवाड्यामागच्या एका घरात मला उभे केले. घर दोन भावांचे. थोरला पुंजाराम, धाकटा कारभारी. रझाकारांच्या धामधुमीत लासूर स्टेशनजवळचे गाव सोडावे लागले, तेव्हा पुंजारामाने घरचे देव, चांदीचे पाच टाक, धाकट्याच्या हाती सोपवले होते. कारभारीने ते गोठ्यातल्या गव्हाणीखाली पुरले. शांतता झाल्यावर उकरले, तर चारच निघाले. खंडोबाचा टाक नव्हता. तीन दिवस तो माती चाळत राहिला, बोटांतून रक्त आले; देव काही हाती लागला नाही.

पुंजाराम भजनी माणूस. नामस्मरणावाचून पाण्याचा घोट न घेणारा. त्याने भावावर हात उगारला नाही, शिवीही दिली नाही. एवढेच म्हणाला, "इथून पुढं तुझी नजर माझ्या देवावर पडू नये." आणि शहरातल्या घराच्या एकमेव लांबरुंद खोलीच्या मधोमध मी आले. एका अंगाला देवघर, दुसऱ्या अंगाला कारभारीची बाज. दोघांची दारेही दोन गल्ल्यांत उघडत.

अकरा वर्षे अशी गेली. पहाटे पुंजाराम देवापुढे अभंग म्हणायला बसे, त्या वेळी पलीकडे कारभारी माझ्यावर कपाळ टेकवून उभा राही. रोजच्या त्या टेकण्याने तिथला चुना गुळगुळीत झाला होता. पुंजारामाला हे कधी कळले नाही. माझे बोलणे त्याच्या कानी पोचत असते, तर ते मी त्याला पहिल्याच वर्षी सांगितले असते.

मग कारभारीची छाती धरली. खोकल्यातून रक्त पडू लागले. डॉक्टरने बजावले, याला उचलू नका, बसवूसुद्धा नका. त्याची बायको आवडाबाई रीतीप्रमाणे थोरल्या दिरासमोर कधी तोंड उघडत नसे. ती थोरल्या जावेकडे, साळूबाईकडे, आली.

"बाई, त्यांला एकदा देव बघायचेत. दुसरं काई मागत नाईत."

साळूबाई सरळ नवऱ्याच्या ताटासमोर येऊन बसली. "आवं, ऐकलं का? देवानं माफ केलं आसंल कवाच. तुमचा राग देवापरीस मोठा हाय का?"

पुंजारामाचा घास हातातच राहिला. डोळे भरून आले. पण देव आसनावरून हलवायला त्याचा जीव धजेना; एकदा हलवले होते आणि एक गेला होता. भावाला उचलता येत नव्हते, देवांना हलवता येत नव्हते. मध्ये उरले होते फक्त मी.

दुसऱ्याच दिवशी रामकिसन गवंडी आला. त्याने मला टिचकी मारली आणि हसला. "ही कसली भिंत मालक! ही तर बुजगावणं हाय. घंटाभरात दार पाडतो." त्याने माझ्या अंगावर कोळशाने दार आखले आणि करवत काढली. माझ्या पट्टीन् पट्टीला आनंद झाला. कापले जाण्याचा आनंद भिंतीलाही होतो, हे त्या दिवशी मला समजले.

तेवढ्यात पुंजारामाने पंचांग उघडले.

"थांब रामकिसन. धोंड्याचा महिना चालू हाय. अधिकात घराला नवं दार पाडत नसत्यात. नऊ दिस ऱ्हायलेत."

"मग दार नका म्हणू, भोक म्हणा की!"

"चेष्टा नको. देवाम्होरचं काम हाय. एकदा चुकलं, तं देव गेला. आता मला चुकायचं नाय."

पलीकडून क्षीण आवाज आला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. "दादा म्हणतोय तं थांबू. नऊच दिस हायेत."

पुंजारामाने माझ्यावर तळवा ठेवला. त्या क्षणी त्याने नुसती मूठ मारली असती, तरी मी फुटले असते. अधिक महिना हा तर पुरुषोत्तमाचा महिना. देवाच्या दर्शनाला देवाचाच महिना कसा आडवा येईल? परंतु जो जन्मभर देवाला भीत आला, त्याला ही गोष्ट कोणी सांगावी?

सहाव्या दिवशी दुपारी आवडाबाईचा हंबरडा माझ्या आरपार गेला.

पुंजाराम उठला. त्याने कोपऱ्यातली पहार घेतली. साळूबाई आडवी आली, "आवं, सुतक लागलं! देवाजवळ जाऊ नका!"

"लागू दे. सरक."

त्याने आखलेली रेघ पाहिली नाही. जिथे घाव बसेल तिथे घातला. चुना ढासळला, पट्ट्या कडाकडा मोडल्या, कुसळे त्याच्या तळव्यांत शिरली. माझी धूळ कारभारीच्या चेहऱ्यावर उडाली. पुंजारामाने खिंडारातून आत वाकून ती उपरण्याने पुसली.

"कारभारी, बघ. चौघंबी हायेत. बघ की रं!"

पापण्या आवडाबाईने मिटवल्या होत्या.

तेराव्यानंतर तिने आपल्या बाजूने माझ्या खिंडारावर वाकळ टांगली. पुंजाराम रोज त्या वाकळेसमोर बसे. एके दिवशी तो म्हणाला, "आवडाबाई, वाकळ सरकव. त्याची जागा तरी बघू दे."

ती आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "सरकवीन की, दादा. चांगला दिस निघाला की सरकवीन."

तो दिवस अजून निघालेला नाही. पुंजाराम आता पंचांग उघडत नाही. देवापुढे बसतो, पण त्याच्या तोंडून अभंग फुटत नाही. मी धड भिंत नाही, धड दार नाही. गिलावा थोडा थोडा गळतो आहे.

वाचणाऱ्या बाबांनो, बायांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल. तिच्यापलीकडे कोणी वाट पाहत असेल, तर करवत आजच चालवा. चुकलेच काही, तर देवाची क्षमा मागायला सारा जन्म पडलेला असतो. त्या माणसाची मागायला दुपारपर्यंतचाच वेळ असेल.