टाचांच्या ग्लिसरीनने वाचवलेलं झाड

मित्रांनो, मी दगडफुलाचा एक जुना झुपका आहे. मुठीत मावेन एवढाच; पण या काचेच्या पेटीतल्या इवल्याशा स्टेशनावर मी चांगला डेरेदार वृक्ष म्हणून मिरवतो!

माझा जन्म टेकडीवरच्या कातळावर झाला. आमच्यात वाढायची घाई कुणालाच नाही. बोटभर व्हायला मला वीस-पंचवीस वर्षं लागली. मग एके दिवशी घड्याळजी आले. ज्या स्टेशनावर त्यांना त्यांची बायको, म्हणजे नर्सबाई, पहिल्यांदा भेटली, ते पाडून टाकलं होतं. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला तेच स्टेशन छोटं करून तिला द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या छोट्या स्टेशनातल्या झाडांसाठी त्यांनी सुरीने अख्खा कातळ खरवडला. माझं सारं गणगोत एका पिशवीत गेलं. फार वाईट वाटलं हो मला!

घड्याळजी हाताचे कसबी, पण उतावळे. आम्हाला हिरव्या रंगात बुडवून त्यांनी कडक उन्हात वाळत घातलं. नर्सबाईंनी मला एकट्याला उचललं आणि भेगाळलेल्या टाचांसाठी आणलेल्या ग्लिसरीनमध्ये भिजवलं. म्हणाल्या, "टाचा मऊ होतात, मग हे का नाही होणार?" दुसऱ्या दिवशी हात लावताच बाकीच्यांचा भुगा झाला. मऊ राहिलो तो मीच.

वाढदिवस उद्यावर आला होता. घड्याळजींनी पुन्हा सुरी आणि पिशवी उचलली.

"निघालात कुठं?"

"टेकडीवर. स्टेशनाला झाडं नकोत?"

"अहो, तिथं एकच तर झाड होतं! त्याच्याखाली तासभर उभे होतात, माझ्याशी बोलायचा धीर होईना म्हणून. तुमची गाडीसुद्धा निघून गेली!"

"एकच? मला तर दाट झाडी आठवते."

"तुमचं लक्ष झाडांकडे होतं कुठं!"

घड्याळजी या वयातही लाजले. त्यांनी सुरी खाली ठेवली, तारेचं खोड वळवलं आणि मला फलाटावर उभं केलं. नर्सबाई चष्मा सावरून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

आता पेटीवर धूळ साचते, माझा रंगही विटलाय. तरी नर्सबाई आठवणीने मला ग्लिसरीनचं बोट लावतात. परवा घड्याळजी टेकडीवरून धापा टाकत आले, नातवंड झाल्यासारखे हसत. "अगं, कातळावर नखाएवढं दगडफूल आलंय!"

मित्रांनो, वाऱ्याने गळून पडलेलं खुशाल उचला, पण कातळाला सुरी लावू नका. एका स्टेशनाला एक झाड पुरतं.