भिंतीवरची पंचफुला

१९६२ सालच्या जानेवारीत मी अमरावतीत 'रेखा पब्लिसिटी'मध्ये नोकरीला लागले. माझं काम जाहिरातींच्या ओळी लिहिण्याचं. बाबा हायस्कूलात संस्कृत शिकवत. त्यांनी नोकरीला हरकत घेतली नाही, एवढंच म्हणाले, "कुणी विचारलं तर छापखान्यात प्रुफं तपासते म्हणून सांग."

ते अगदीच खोटं नव्हतं. आमचं ऑफिस एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत होतं. मालक गोपाळकृष्ण पाठक माझ्या थोरल्या भावाचे मित्र. मुंबईच्या एका जाहिरात कंपनीत तीन वर्षं काढून ते गावी परतले होते. सिनेमाच्या मध्यंतरात दाखवायच्या काचेच्या स्लाइडी, वर्तमानपत्रातल्या जाहिराती आणि भिंती, असा आमचा धंदा. त्यात भिंतींचं काम मोठं, कारण वऱ्हाडात एसटीनं फिरणारा माणूस पेपर वाचो न वाचो, भिंत वाचतोच, असं गोपाळरावांचं म्हणणं.

भिंती रंगवायचा शेषराव तायडे. तो तिवशाचा, वय चोवीस. नागपूरला ड्रॉइंगची परीक्षा पास झालेला. छप्पनच्या दीक्षेनंतर वस्तीतल्या लोकांनी विहार बांधला, तेव्हा तिथल्या भिंतीवर बुद्धाचं सहा फुटी चित्र त्यानंच काढलं होतं. ते पाहून गोपाळरावांनी त्याला बोलावून घेतलं. ऑफिसात तो मला मुळेबाई म्हणायचा, मी त्याला शेषराव. पहिले आठ दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मग एका सकाळी तो माझ्या ओळी वाचून म्हणाला, "मुळेबाई, हे कोण बोलून राहिलं? असं तं कोनीच बोलत नाही." मला राग आला. दुपारी ओळी पुन्हा वाचल्या तेव्हा त्याचं पटलं.

तो रोज सकाळी तासभर एसटी स्टँडवर जाऊन बसायचा. मांडीवर वही, हातात पेन्सिल. कुणी विचारलं तर म्हणायचा, "चेहरे जमा करून राहिलो." त्याची वही चाळायला मला फार आवडे. पेंगणारा कंडक्टर, तंबाखू मळणारा म्हातारा, पागोटं सोडून पुन्हा बांधणारा शेतकरी. मीही मग त्याच्या शेजारी बाकावर बसून लोकांची बोलणी टिपू लागले. आमची शाळा म्हणाल तर ती तिथेच भरली.

मार्च महिन्यात अकोल्याचे उत्तमराव आले. त्यांचा कपडे धुण्याच्या साबणाचा कारखाना होता. साबणाचं नाव 'बोंड छाप'. त्यांना अमरावती, बडनेरा, तिवसा, मूर्तिजापूर, अकोला आणि बाळापूर अशा सहा गावांत भिंती हव्या होत्या. आमच्याकडे तोवर आलेलं हे सगळ्यांत मोठं काम.

शेषरावानं वहीतून एक चेहरा काढला. स्टँडबाहेर टोपलीत संत्री घेऊन बसणारी एक बाई. सावळी, रुंद कपाळाची, कशालातरी मान मागे टाकून हसणारी. चित्रात त्यानं टोपली काढून टाकली आणि तिच्या हातात पांढरंशुभ्र धोतर दिलं. खाली माझी ओळ होती, "धोतर उजळ, बाई खूश!" उत्तमरावांनी चित्र दूर धरून पाहिलं. "थोडी गोरी करा ना," ते म्हणाले.

"गोऱ्या बाईच्या हातात पांढरं धोतर उठून दिसत नाही," शेषरावानं सांगितलं. ते त्यांना पटलं.

एप्रिलमध्ये भिंती सुरू झाल्या. चित्रावर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी भिंतीवर खडूनं आखायच्या आणि एकेक घर भरत जायचं. उन्हात परांचीवर उभं राहून शेषराव आणि दोन रंगारी रंग देत. तिवसा आणि बडनेरा आधी झालं, मग स्टँडजवळची अमरावतीची भिंत; उरलेली तीन गावं अजून बाकी होती. ती पुरी झाली त्या दिवशी रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. गोपाळरावांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला.

त्यानंतर दहाव्या दिवशी भर दुपारी ऑफिसच्या जिन्यावर चपलांचा आवाज आला आणि दारात ती बाई उभी राहिली. भिंतीवरचीच, पण हसत नव्हती. तिचं नाव पंचफुला, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"चित्र कोनं काढलं?" तिनं विचारलं.

"मी," शेषराव उठून उभा राहिला.

"मी तुह्यासमोर कवा बसली रे?"

"नाही बसल्या, मावशी. मी स्टँडवर..."

"मंग? मले इचारलं?"

पंचफुला आमच्या कुणाच्याही खुर्चीवर बसायला तयार नव्हती. उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं. बाजारात पोट्टे तिला 'बोंड छाप' म्हणून हाका मारत होते. गिऱ्हाइकं संत्री घेता घेता तिच्याकडे बघून हसत होती. तिचा नवरा पुंजाजी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तिथं लोकांनी त्याला विचारलं की बायको पेंटरसमोर किती दिवस बसली. तेव्हापासून तो घरी नीट बोलत नव्हता, ताटावरून अर्ध्यातच उठून जायचा.

"मी कायले हासली होती, थे तरी मालूम हाय काय तुले?" ती म्हणाली. "माह्या पोरीनं बाराखडी पुरी म्हनून दाखोली त्या दिवशी. थे हासू तू साबनाले लावलं."

गोपाळराव मधे पडले. "बाई, चित्र चांगलं आहे हो. तुमची बदनामी व्हावी असा कुणाचा हेतू नव्हता. काही द्यायचं असेल तर..."

"पैशे नको. मले त्या भिंतीवरून उतरवा." एवढं बोलून ती जिना उतरून गेली.

मग गोपाळराव म्हणाले, "मुंबईत असं कुणी येत नाही. तिथं चेहरा कुणाचा ते कुणाला कळतच नाही." शेषराव खिडकीशी उभा होता. तो वळून म्हणाला, "इथं कळते. अन् मुंबईत नाही कळलं म्हनून बरोबर होते काय?"

तो त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "मुळेबाई, आमच्या वस्तीतल्या लोकायले कोनी न इचारता काय काय म्हनलं, काय काय करायले लावलं, हे मी लहानपनापासून ऐकून राहिलो. अन् मीच तसं केलं." बाई खूश, असं मीच तर तिच्या तोंडाखाली लिहिलं होतं. ती खूश आहे की नाही हे मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. पुंजाजी ओट्यावर बसला होता. शेषरावानं त्याला सरळ सांगितलं, "दादा, तुमची बायको माह्यासमोर कदी बसली नाही. मी चोरून काढलं चित्र. हे सांगाले आलो." हवं तर जिनिंगमध्ये येऊन सगळ्यांसमोर हेच सांगतो, असंही तो म्हणाला. पुंजाजीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ये मंग," तो म्हणाला. शेषराव खरंच गेला. दुपारच्या सुट्टीत वीसपंचवीस माणसांसमोर त्यानं माफी मागितली. हे मला नंतर पुंजाजीनंच सांगितलं, शेषराव त्याबद्दल कधी बोलला नाही.

ओट्यावर त्यांचं बोलणं चाललं होतं तेव्हा मी आत पंचफुलाजवळ बसले होते. ती न्हाणीशी कपडे धूत होती. आमच्या साबणाची वडी मी पिशवीतून आणली होती, पण ती काढायची लाज वाटली. मी म्हटलं, "चित्र पुसतील, मी बघते. पण तुम्हाला खरंच साबण कुठला बरा वाटतो?"

ती हसली नाही, पण आवाज जरा सैल झाला. "साबन कोनताबी घ्या बाई. मैल साबन थोडाच काढते? मैल मनगट काढते."

मी विचारलं, "हे मी लिहू का? साबणाच्या जाहिरातीत?"

"थे कायले इचारता? थे तं सगळ्याच बाया म्हनतात."

"तरी विचारते."

"लिहा. पन माहं नाव नका टाकू."

उत्तमरावांना पटवणं मात्र सोपं गेलं नाही. ते अकोल्याहून तणतणत आले. भिंत लागल्यापासून साबण खपत होता आणि आम्ही चेहरा पुसायचं म्हणत होतो. माझी नवी ओळ मी त्यांच्यापुढे ठेवली, "मैल मनगट काढतं."

"अन् साबन काय करते मंग?" ते ओरडले. "झोपा काढते?"

गोपाळरावांना हसू आवरेना. त्यांनी कागद ओढून घेतला, पेन्सिल दोनदा टेकवली आणि मग माझ्याकडे सरकवला. मी लिहिलं, "मनगट तुमचं, साबण आमचा." उत्तमरावांनी ते तीनदा वाचलं. आवडलं की नाही ते सांगितलं नाही. अमरावती, तिवसा आणि बडनेरा या तीन भिंती तुम्ही बदला, उरलेल्या तीन मी दुसऱ्याला देतो, असं म्हणून ते निघून गेले. शब्दाला जागलेही. अकोला, बाळापूर आणि मूर्तिजापूरला दुसऱ्या पेंटरनं सिनेमातल्या नटीसारखी गोरी बाई काढली. त्या वर्षी दिवाळीला गोपाळरावांनी आम्हाला बोनस दिला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

तिन्ही भिंतींवर शेषरावानं चेहरा पुसला आणि तिथे धोतर पिळणारे दोन हात काढले. हात त्याच्या आईचे, मनकर्णाबाईंचे. यावेळी तिला त्यानं तिवशाला जाऊन विचारलं होतं. तिनं एकच अट घातली होती, हातावरचं गोंदण जसंच्या तसं आलं पाहिजे. भिंतीएवढ्या हातावर ते हिरवं गोंदण इतकं शोभलं की लोक साबणाचं नाव वाचायच्या आधी गोंदणाकडे बघत. उत्तमरावांनी त्याचीही तक्रार केली.

अमरावतीची भिंत पुसली त्या संध्याकाळी पंचफुला नवऱ्याबरोबर येऊन बघून गेली. आमच्याशी बोलली नाही. पुढे स्टँडवर मी संत्री घ्यायला गेले की ती भाव एका पैशानंही कमी करत नसे, पण एखादं खराब निघालं तर परत आणा, असं म्हणायची. शेषरावाशी ती वर्षभर बोलली नाही. त्याचं त्याला वाईट वाटे, पण त्यानं तिची मनधरणी केली नाही.

शेषराव त्यानंतरही स्टँडवर बसायचा. फरक इतकाच की रेखाटन झालं की तो वही माणसासमोर धरायचा. पुष्कळ जण नको म्हणत आणि तो त्यांच्यासमोर पान फाडून त्यांच्याच हातात देत असे. कामाला वेळ लागू लागला. गोपाळराव कुरकुर करत, पण त्यांनी ते कधी थांबवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका चष्म्याच्या दुकानाचं काम आलं. शेषरावानं स्टँडवर पेपर वाचत बसणाऱ्या एका पेन्शनर कारकुनाला विचारलं. किसनराव त्यांचं नाव. ते लगेच हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून रोज अकरा वाजता, चित्र कुठवर आलं ते बघायला ऑफिसात येऊ लागले. मिशा बरोबर आहेत, नाक थोडं मोठं झालं, टोपी इस्त्रीची दाखवा. सगळं होऊन चित्र पुरं झालं तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सगळं ठीक हाय, पन माह्या हातातला पेपर कोरा हाय. मी का रिकाम्या कागदाकडे पाहून राहिलो?"

शेषरावानं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची ओढली, किसनरावांना समोर बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला कोणती बातमी वाचायची आहे?"