वच्छलाबाईंचा बिनतोंडाचा ड्रॅगन

वच्छलाबाई मेश्रामांना सगळं यायचं. कोणी काहीही विचारलं की "येतं ना!" हे शब्द आधी तोंडून निघायचे आणि ते खरंच येतं का, याचा विचार मागाहून व्हायचा. या सवयीपायी एकदा त्यांनी शेजारच्या लग्नात शंभर माणसांची बुंदी पाडायला घेतली होती. ती बुंदी लोकांनी वाटीनं प्यायली.

सत्त्याऐंशी साली मात्र ही सवय सरकारी कागदावर चढली. ब्रह्मपुरीला शिक्षकांचं तीन दिवसांचं कागदकामाचं शिबिर होतं. शेवटच्या दुपारी शिकवणारे गुरुजी म्हणाले, "आता मुलांसाठी एकदम सोपा ड्रॅगन." चौकोनाचा पतंग झाला, पतंगाला पंख फुटले, शेपटीला चुण्या पडल्या, मान वर आली, आणि तेवढ्यात बाईंच्या एसटीची वेळ झाली. त्यांनी तो बिनतोंडाचा ड्रॅगन पिशवीत कोंबला. दारातल्या फॉर्मवर 'काय काय शिकलात' या रकान्यात होडी, पंखा, बेडूक, ड्रॅगन असं ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि पदर खोचून धावत सुटल्या.

पंधरा दिवसांनी तोंदेगुड्याच्या शाळेत पत्र येऊन पडलं. तोंदेगुडा मुलचेऱ्याच्याही पुढे, जंगलात. एक खोली, बावीस मुलं आणि एकट्या वच्छलाबाई. पत्रात लिहिलं होतं की येत्या गुरुवारी शिक्षण विस्तार अधिकारी बोरकुटे साहेब शाळा बघायला येतील. आपण शिकून आलेल्या आहात, तरी मुलांकडून ड्रॅगन करवून दाखवावा.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि माठातलं पाणी प्यायल्या. "बसेल तोंड," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "दोन घड्यांचा तर प्रश्न आहे."

सोमवारी त्यांनी कामाला सुरुवात केली. कागद नव्हता. पण कुटुंब नियोजनाच्या पत्रकांचा एक गठ्ठा नर्सबाईंनी वर्षापूर्वी शाळेत ठेवला होता. त्याला आता वाळवी तेवढी विचारत होती. पत्रकाची एक बाजू कोरी, दुसऱ्या बाजूला कोपऱ्यात मोठा लाल त्रिकोण. बाईंनी कात्रीनं चौकोन कापले.

"बाई, डागन म्हणजे का असते जी?" चैतूनं विचारलं.

"ड्रॅगन. म्हणजे बघ, सापासारखा लांब, त्याला पंख असतात, पाय असतात, आणि तो तोंडातून आग फेकतो."

"कुठी राहते?"

"जंगलात," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या घडीकडे वळल्या.

एवढंच झालं. पण बावीस मुलं बावीस घरी गेली. मंगळवारी सकाळी गावचे पाटील लालसू शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. साठ वर्षं जंगलात काढलेला माणूस. पावलाच्या खुणेवरून अस्वल उपाशी आहे की जेवलेलं, हे सांगायचे. त्यांची नात बुधरी चौथीत होती.

"बाई, तुम्ही पोरायले कोणतं जनावर सांगितलं?"

"ड्रॅगन."

लालसू पाटलांनी दाढी खाजवली. आपल्याला ठाऊक नसलेलं जनावर या जंगलात असावं, ही गोष्ट काही त्यांच्या पचनी पडेना. "हाय, हाय," ते शेवटी म्हणाले. "पहिले लय होते. आता कमी झाले."

बाई हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

बुधवारी जंगलखात्याचा गार्ड पत्रू सायकल दामटत आला. मोहाची फुलं पडायचे दिवस, खाली सगळा वाळका पाला. आग म्हटलं की त्याची झोप उडायची. "बाई, आग फेकणारं जनावर हाय म्हणते गावात. पाटीलच म्हणाले का पहिले लय होते. मी वर रिपोर्ट धाडून राह्यलो. नाव कसं लिवायचं, तेवढं सांगा."

"अहो पत्रूभाऊ, ते कागदाचं आहे!"

"कागदाचं?" पत्रूचा चेहरा पडला. पण तो लगेच सावरला. "ते मले मालूम होतंच. पण कागद तर पहिले पेटते ना बाई!" असं म्हणून त्यानं पाण्यानं भरलेली एक बादली शाळेच्या दाराशी ठेवली आणि गुरुवारी स्वतः हजर राहायचं ठरवून टाकलं.

इकडे तोंड काही बसेना. बाईंनी मान आत दुमडली तर ड्रॅगन रुसल्यासारखा दिसे, बाहेर दुमडली तर चमचा होई. बुधवारी शाळा सुटेपर्यंत कपाटावर सत्तावीस ड्रॅगन जमले. एकालाही तोंड नव्हतं. मुलं मान वर येईपर्यंत भराभर घड्या घालत आणि मग बाईंकडे बघत. "पुढचं उद्या," बाई म्हणत.

आणि गुरुवार उजाडला. अकरा वाजता जीप आली. बोरकुटे साहेब स्थूल, घामेजलेले, हातात डायरी. त्यांनी हजेरी पाहिली नाही, पाढे विचारले नाहीत. खुर्ची पुढे ओढून थेट म्हणाले, "हं, बाई. ड्रॅगन. अगदी सावकाश दाखवा."

दारात पत्रू बादलीजवळ उभा. खिडकीत लालसू पाटील आणि त्यांच्यामागे निम्मा गाव. बाईंनी कागद घेतला. पतंग झाला. पंख झाले. शेपटीच्या चुण्या इतक्या सुरेख पडल्या की साहेब वाकून बघू लागले. मान वर आली, आणि बाईंचे हात थांबले.

बाईंना ब्रह्मपुरीचा तो रकाना आठवला, बुंदी आठवली, आणि एकाएकी त्यांना या सगळ्याचा भयंकर कंटाळा आला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मला याच्यापुढं येत नाही. माझी एसटी निघाली होती."

असं वाक्य आपण आयुष्यात पहिल्यांदा बोललो, हे त्यांना बोलल्यावर कळलं. छत काही कोसळलं नाही.

"बाई," मागून बुधरी म्हणाली, "मले येते."

"तुले? कधीपासून?" साहेबांसमोरची भाषा बाईंच्या तोंडून गळूनच पडली.

"सोमवारपासून."

"अन् काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही उद्या म्हणत होत्या. मले वाटलं, उद्याच करायचं असन."

बुधरी पुढे आली. घरी आजीबरोबर ती पळसाच्या पानांचे द्रोण लावायची. पान कुठे वळतं आणि कुठे फाटतं, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. तिनं मानेचं टोक उकललं, दोन्ही अंगठे आत घातले आणि द्रोणाची कड उलटवावी तसं ते बाहेर उलटवलं. आतली छापील बाजू वर आली. ड्रॅगनला तोंड फुटलं, आणि त्या तोंडात भडक लाल जाळ! आरोग्य खात्याचा त्रिकोण बरोब्बर जिभेवर येऊन बसला होता.

"आग!" बावीस मुलं एकदम ओरडली. पत्रूनं आधी बादली उचलली आणि मग पाहिलं. निम्मं पाणी साहेबांच्या बुटांत गेलं.

साहेबांना त्याचं काही नव्हतं. ते बूट काढून पोरांच्या रांगेत मांडी घालून बसलेही. "पोरी, पुन्हा दाखव. मला एक कागद दे." आणि बाईंकडे न बघता हळूच म्हणाले, "शनिवारी चामोर्शीला चाळीस गुरुजींना हा ड्रॅगन मलाच शिकवायचा आहे. ब्रह्मपुरीला मी शिबिराचं उद्घाटन करून निघून आलो होतो. यादीत तुमचं नाव पाहिलं, म्हटलं, बाईंकडून शिकून घेऊ."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलतच राहिले.

साहेबांचा पहिला ड्रॅगन पालीसारखा झाला, दुसऱ्याची मान तुटली. "साहेब, तोंड दाबू नोका," बुधरी बजावत होती, "उलटवा." चौथा जमला. खिडकीतून लालसू पाटलांनी तो हातात मागून घेतला, उलटापालटा करून निरखला आणि गावाला सांगितलं, "हे पिल्लू हाय."

शेरेबुकात साहेबांनी लिहिलं : 'कागदकाम उत्तम. शिक्षण व आरोग्य या दोन खात्यांचे सहकार्य उल्लेखनीय.' मग पेन खिशात ठेवत विचारलं, "बाई, या पोरीला शनिवारी चामोर्शीला आणता येईल?"

"ते तिलेच विचारा," बाई म्हणाल्या.

बुधरीनं थोडा विचार केला. सकाळी मोह वेचल्याशिवाय आजी सोडणार नव्हती. "मोह वेचून झाल्यावर येतो," ती म्हणाली. साहेबांनी जीप नऊला पाठवायचं कबूल केलं.

शनिवारी चामोर्शीच्या शाळेत बुधरी टेबलावर उभी राहिली. बाई शेवटच्या बाकावर बसून सगळ्यांबरोबर घड्या घालत होत्या. अडलं की सरळ हात वर करत होत्या. त्यांचं पाहून आणखी चारपाच गुरुजींनी हात वर केले, मग वीसेक जणांनी. बुधरी टेबलावरून उतरली आणि बाकाबाकाशी जाऊन मोठमोठ्या माणसांचे अंगठे धरून आत घालू लागली. दोन गुरुजींचे कागद फाटले. एकाचा बेडूक झाला. त्यांना तो आवडला आणि त्यांनी तो खिशात ठेवला.

संध्याकाळी जीप तोंदेगुड्याला आली. लालसू पाटील वाटच बघत होते. त्यांनी नातीला खाली उतरवून घेतलं.

"कसे काय हायत चामोर्शीचे गुरुजी?"

"चांगले हायत," बुधरी म्हणाली. "पण हळूहळू शिकतेत."