बैलांची माती

"हात धुऊन धुऊन दमले, पण नखातली ही माती काही सुटत नाही बाई!" परसात पालक खुडता खुडता महादेवची बायको वनिता पुटपुटली.

मित्रांनो, तीच ती माती मी. बेलूर गावाच्या वाटेवर महादेवच्या घरामागं पडून असलेली जुनी काळी माती. एकदा धरलं की सोडायचं नाही, हा माझा स्वभाव. मातीचे बैल करून पुजायची अमावास्या आली की सगळी गल्ली मलाच उचलून न्यायची. "हिच्या बैलांची शिंगं मोडत नाहीत," असं शेजारच्या अंबूताई सांगायच्या.

मग महादेवनं परसात जुन्या बॅटऱ्या फोडायला घेतल्या. आतलं शिसं विकायचं आणि पाणी माझ्यावर ओतायचं. "काळी माती हाय, सगळं पचवते," म्हणायचा. खोटं कशाला बोलू, मला ते कौतुकच वाटलं. सांडलेला शिशाचा भुगा मी कणाकणाला चिकटवून धरला. अंगात चुनखडी होती तोवर मूठ घट्ट होती. पण बॅटरीचं पाणी म्हणजे आम्ल. त्यानं माझी चुनखडी खाऊन टाकली. आंबलेल्या मातीच्या मुठीत बळ राहत नाही. धरलेलं शिसं सुटत गेलं, ओलीत उतरलं, मुळांनी ते प्यायलं. पालक वरून हिरवाच दिसायचा.

त्यांची आठ वर्षांची दीपाली पोट धरून बसू लागली. येणारे पाढे विसरू लागली. कुणी दृष्ट काढली, कुणी शाळेतल्या जेवणाला नावं ठेवली. शेवटी रक्त तपासलं, तर त्यात शिसं.

"घराजवळ शिशाचं काम चालतं का?" डॉक्टरांनी विचारलं. मी महादेवच्या चपलांना चिकटून दवाखान्यात गेले होते, म्हणून ऐकलं.

"नाही बा," महादेव पंख्याकडे बघत म्हणाला. वनितानं पदराचं टोक नुसतं पिळलं.

बॅटऱ्या फोडणं गुपचूप बंद झालं. पण शिसं काही कुजत नाही, मित्रांनो. आणि मातीला 'पुरे' म्हणता येत नाही. तुम्हीच हात आवरायचा असतो.

आज अमावास्या. दीपाली ताटली घेऊन परसात आली.

"अप्पा, बैलाला माती काढू?"

"काढ की. चांगली चिकट हाय."

वनितानं धावत येऊन तिचं मनगट धरलं.

"अगं, सणाचं कशाला अडवतीस पोरीला?"

"अडवणारच. तिच्या रक्तात शिसं ह्या मातीतनंच गेलंय. बॅटऱ्या तुम्ही फोडल्यात, अन् ते पाणी बादली भरभरून मीच ओतलंय."