बोयीचं मरण चिलापीला विचारलं

“मरंल त्याची येळ लिव, पोरी. एकाचीपन चुकवू नको.”

हे शिरगावच्या कोळीण हंसामावशींचं सांगणं माझ्या काचेला अजून ऐकू येतं. मित्रांनो, मी पालघरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतली जुनी काचेची टाकी आहे. मी रागावले आहे, आणि का ते सांगणार आहे.

माझ्यात धातू मिसळलेलं पाणी भरून मासे सोडत. किती धातू, किती तास, किती मासे जगले, हे संशोधक विद्यार्थिनी हिमानी वहीत लिहीत असे. त्यावरून धर्मेश सर संगणकावर गणित मांडत. मग खाडीचं पाणी तपासलं की तिथले मासे जगतील की मरतील, ते गणित सांगणार! खंडेनवमीला मला हळदकुंकू लागे, झेंडूचा हार मिळे. मीही फुशारून जाई.

खाडीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्यांना अहवाल घाईने हवा होता. हिमानी खाडीतली बोय मासळी मागायला हंसामावशींकडे गेली.

“नारली पुनवेआधी जाल नाय टाकत आमी. मासली पोटुशी हाय. तुजे सरांना सांग, दर्या कोनाचा नोकर नाय!”

सर थांबले नाहीत. तळ्यातली चिलापी आणली. चिलापी म्हणजे गटारातही तग धरणारा मासा. खाडीत सापडलं तेवढंच तांबं आणि जस्त माझ्यात घातलं. चार दिवसांनी दहाच्या दहा जिवंत! गणित जुळलं, अहवाल गेला: खाडीतले मासे सुखरूप राहतील.

पुनवेला नारळ वाहून झाल्यावर मावशी स्वतः हंड्यात बोयीची पिल्लं घेऊन आल्या. “आमचे खाडीत मेलेली तरंगतात. कशान मरतात ता मना सांगशील?”

“सांगेन, मावशी. तुमच्या ओट्यावर येऊन सांगेन.”

“नारलाची आन?”

“नारळाची आण.”

तेवढंच तांबं, तेवढंच जस्त. तिसऱ्या सकाळपर्यंत दहातली सात पिल्लं माझ्या तळाशी होती. तोंडं उघडीच. हिमानीने प्रत्येकाची वेळ लिहिली आणि प्रत्येकापुढे हात जोडले.

सर म्हणाले, “अगं, जुळलेल्या गणितात खोडा घालू नकोस.”

“सर, ते गणित चिलापीचं आहे. खाडीत बोय राहते.”

“मग बोयीला सांग, चिलापी हो!” सर हसले.

त्या हसण्याने मला तडा गेला नाही, याचंच नवल वाटतं. ज्या जिवांनी आपला प्राण देऊन उत्तर दिलं, त्यांची चेष्टा? हे पाप कुठल्या पाण्याने धुणार?

मला बेसिनखाली सरकवलं. माझ्यात झाडू ठेवले. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, पण वहीतल्या मरणाच्या वेळा पुसू नका. आणि ज्याचं मरण, त्यालाच विचारा.

आज सरांनी हिमानीला सांगितलं, बोयीची पानं फाडून टाक. सर गेल्यावर तिने माझ्यातले झाडू काढून बाहेर उभे केले. वही रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली, हात धुतले, दार हळूच लोटलं आणि शिरगावच्या बसकडे चालू लागली.