घाणीची तालीम

इस्पितळाच्या लाँड्रीत मुकादमबाईंना बावीस वर्षं झाली, पण त्यांची किळस काही गेली नव्हती. बाकीच्यांची वर्षभरात जायची. नाक मरायचं आणि हात आपोआप चालायचे. वॉर्डातून आलेल्या चादरींचं गाठोडं सोडताना बाई मात्र आजही नाकाला पदर लावायच्या. त्यामुळेच एकही डाग त्यांच्या नजरेतून निसटत नसे.

इस्पितळाची नवी इमारत व्हायची होती. बांधण्याआधी ती वापरून बघायची असं वरच्यांनी ठरवलं आणि त्यासाठी एक डिझायनर मुलगी नेमली. तिने मागच्या रिकाम्या गोदामात पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या केल्या. वॉर्ड, लिफ्ट, व्हरांडा, सगळं खऱ्या मापाचं. लोक तिला पुठ्ठेवाली म्हणू लागले. दर मंगळवारी प्रत्येक खात्यातल्या एकाने दोन तास तिच्याकडे जायचं, असा हुकूम निघाला.

पहिल्या मंगळवारी तिने रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. "तीस वर्षांनी आपलं इस्पितळ कसं असेल? मनात येईल ते लिहा."

लोकांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. गच्चीवर बाग. औषधं वाटणारं यंत्र. मोठ्या सिस्टरला तीन पाळ्यांना माणसं पुरत नव्हती, पण तिनेही लिहिलं, "सगळीकडे मंद संगीत." मुकादमबाईंची चिठ्ठी तेवढी कोरी.

"तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, बाई?"

"काय लिहू? हे ऐकूनच मळमळतंय. तीस वर्षांनी माणसांना जुलाब व्हायचे नाहीत का? ओकाऱ्या बंद होणार? एवढ्या चिठ्ठ्या, पण एका चादरीला डाग नाही!"

सगळे खो खो हसले. पुठ्ठेवाली हसली नाही. चिठ्ठ्या गोळा करून तिने बाजूला ठेवल्या आणि बाईंच्या समोर खुर्ची ओढून बसली.

"चुकलंच माझं. मी स्वप्नं विचारत बसले. तुमचा सगळ्यांत घाणेरडा दिवस सांगा."

बाईंनी सांगितला. सात वर्षांपूर्वीचा उन्हाळा. पोटाच्या आजाराची साथ आणि तीन दिवस पाणी नाही. गाठोडी छताला टेकली होती. तिसऱ्या दिवशी त्यांतून अळ्या निघाल्या, त्या फावड्याने ओढाव्या लागल्या. मोठ्या सिस्टरने तोंड फिरवलं.

"असा दिवस पुन्हा येईल?"

"मी काय ज्योतिषी आहे?"

"मीही नाही. उद्या नेमकं काय होणार, हे ओळखत बसायचंच नाही. चार-पाच वेगवेगळे उद्या शिवायचे आणि एकेक या इमारतीच्या अंगावर चढवून बघायचा. कुठे उसवतंय ते आत्ता कळलं तर बरं. आत्ता पुठ्ठा आहे, सुरीने कापता येतो."

हे बाईंना पटलं. मंगळवारामागून मंगळवार त्या जात राहिल्या. कधी पाणी नाही, कधी वीज नाही, कधी निम्मी माणसं आजारी. बाईंनी जुन्या चादरींत ओली वाळू भरून खऱ्या वजनाची गाठोडी बांधली आणि गाडी ढकलत पावलं मोजली. नकाशात लिफ्ट एकच होती. जेवण तिनेच वर जायचं आणि घाण तिनेच खाली यायची. "वेळा वेगळ्या ठेवू," असं आर्किटेक्टने लिहून ठेवलं होतं. बिनपाण्याच्या दिवसाची तालीम सुरू झाली आणि दहा मिनिटांत त्या वेळांचा पार बोजवारा उडाला.

बाई आर्किटेक्टच्या नावाने बोटं मोडत होत्या, तेवढ्यात पुठ्ठेवालीने सहज विचारलं, "आणि धुतलेल्या चादरी वर कशावरून जातात?"

"याच गाडीवरून. पुसून घेतो ना आम्ही."

"कशाने?"

लाँड्रीतल्या खिळ्याला लटकलेलं करडं फडकं बाईंच्या डोळ्यांपुढे आलं. त्याच फडक्याने त्या रोज गाडी पुसत, आणि ते फक्त शनिवारी धुतलं जाई. मग त्याच गाडीवर पांढऱ्याशुभ्र घड्या रचायच्या. त्या गोदामाबाहेर धावल्या आणि भिंतीला हात टेकून ओकल्या. बावीस वर्षं जगाला नावं ठेवली, आणि घाण मीच घरपोच करत होते!

त्यानंतर बाई इरेला पेटल्या. विश्वस्त तालीम बघायला येणार होते. बाईंनी वॉर्डांतल्या फुलदाण्यांतली सडकी फुलं पाण्यासकट बादलीत भरून घरी नेली आणि आठ दिवस गॅलरीत ठेवली.

"आई, हे काय मुरवताय?" सुनेने नाक दाबून विचारलं. "मांजरसुद्धा गॅलरीत यायचं बंद झालं."

"भविष्य मुरवतेय."

"मग त्याला झाकण तरी लावा!"

विश्वस्त आले तेव्हा पुठ्ठेवालीने सांगितलं, "आज पाणी नाही, रुग्ण दुप्पट." जेवणाची गाडी तिने मोठ्या डॉक्टरांच्या हाती दिली. तिच्यावर विश्वस्तांसाठी आणलेली चहा-बिस्किटं होती. पुठ्ठ्याची लिफ्ट उघडली आणि मुकादमबाई ठिबकणारी गाठोडी घेऊन बाहेर आल्या. व्हरांड्यात दोन गाड्या एकमेकींत अडकल्या. वरचं गाठोडं घसरलं आणि हिरवट, बुळबुळीत पाणी थेट बिस्किटांवर सांडलं. वास असा सुटला की एक विश्वस्त तडक बाहेर गेले.

"हा काय किळसवाणा प्रकार आहे?" मोठे डॉक्टर ओरडले.

"फुलदाणीतलं पाणी आहे, साहेब. आमच्याकडे येतं ते याहून वाईट. आणि आजसुद्धा आम्ही ही गाडी फडक्याने पुसून तिच्यावरूनच धुतलेल्या चादरी पाठवतो. मीच पाठवते."

विश्वस्तांबरोबर आलेल्या आर्किटेक्टने नकाशा उलगडला. दुसरी लिफ्ट करायची तर दर्शनी भागातल्या दोन स्पेशल खोल्या जातील, म्हणाला.

"जाऊ द्या की!" बाई म्हणाल्या.

"असा दिवस दहा वर्षांतून एकदा यायचा," रुमालाआडून एक विश्वस्त म्हणाले. "त्यासाठी खोल्या घालवायच्या?"

बाईंना शिसारी आली ती त्या पाण्याची नव्हे. पुठ्ठेवालीने सुरी काढली आणि सगळ्यांच्या देखत मागच्या भिंतीत गाडीच्या दीडपट रुंद दार कापलं. "लिफ्ट नाही, तर गाठोड्यांसाठी इथून उतार काढा. याने कुठलीच खोली जात नाही."

उतार नकाशात आला. स्पेशल खोल्या राहिल्या, लिफ्ट एकच राहिली. मोठ्या डॉक्टरांनी मात्र दुसऱ्याच दिवशी स्वच्छ चादरींसाठी वेगळ्या गाड्यांच्या कागदावर सही केली.

महिन्याभराने दर्शनी भिंतीवर गोदामाचा मोठा फोटो लागला: हसरे चेहरे, रंगीत चिठ्ठ्या आणि खाली "उद्याचं इस्पितळ, आपणच घडवलेलं." पुठ्ठेवाली दुसऱ्या कामावर निघाली होती. दोघी फोटोसमोर उभ्या राहिल्या.

"शी!" बाई म्हणाल्या. "बादली कुठाय?"

"मी दिला होता तिचा फोटो. नको म्हणाले." ती खजील झाली होती. "मलाही बघवत नाही, बाई."

"मग बघू नकोस. जा, गाडी चुकेल तुझी."

पुढच्या मंगळवारी बाईंनी लाँड्रीच्या फरशीवर खडूने वॉर्ड आखला आणि सगळ्या जणींना बोलावलं. वीज नाही, निम्म्या जणी आजारी, गाठोडी दुप्पट. अर्ध्या तासात लक्षात आलं की गाठोडी दारापर्यंत साचली तर लाँड्रीचं आत उघडणारं दार उघडणारच नाही, आणि आतली बाई आतच अडकेल. दुसऱ्या दिवशी सुतार आला. वासाला शिव्या घालत त्याने बिजागऱ्या काढल्या आणि दार बाहेर उघडेल असं बसवून दिलं.