काळी नळी की पांढरी

आमच्या धुळ्याच्या रायफल क्लबात नेम धरणारे पुष्कळ, पण बंदूक पुसणारा एकच, झुलालनाना. सत्तरीचे शेतकरी. एके काळी नेमबाजीत जिल्ह्यात त्यांच्यापुढे कोणी टिकत नसे. पुढे उजव्या डोळ्याने दगा दिला, नेम सुटला, पण रविवार सुटला नाही. आम्ही गोळ्या झाडून भजी खायला मोकळे. नाना लिंबाखाली खुर्चीत बसून नळीत दांडी घालणार, चिंधीने काजळी काढणार आणि वरून तेलाचा हात फिरवणार.

एकोणनव्वद साली क्लबच्या रायफलची नळी झिजली. नेमबाजी संघटनेमार्फत परदेशी नळी मिळणार होती. पांढरी स्टेनलेस घ्या नाहीतर कार्बन स्टीलची काळी घ्या, दर सारखाच.

"यात विचार कसला?" कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारे सुकदेव सर मीटिंगमध्ये म्हणाले. "स्टेनलेस. गंजाची भीती कमी, गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा जास्त टिकतात आणि तेलपाण्याची कटकट नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र नाना आठवले. कटकट गेली तर नाना यायचे कशाला? तेलाच्या बाटलीशिवाय त्यांना इथे दुसरं काम नव्हतं, आणि फुकट बसून राहणारा तो माणूस नव्हे.

मी क्लबचा सेक्रेटरी. देवपुरात माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि नाकावर राग आहे, दोन्ही वडिलोपार्जित. खरं सांगतो, सरांचं बरोबर होतं. आमच्यासारख्या ऐद्यांना स्टेनलेसच हवी. तरी मी टेबलावर हात आपटला.

"ती उन्हात चकाकते! मे महिन्यात भर दुपारी नेम धरून दाखवा!"

"बिनचमकीचीही मिळते, रतिलालशेठ."

"चमक मारूनच घ्यायची, तर काळीनं काय घोडं मारलंय?"

या वकिलीवर काळी मंजूर झाली. लोकांना चहा गार होऊ द्यायचा नव्हता, हेही एक कारण.

नळी आली, परवानेवाल्या कारागिराने बसवून दिली. रविवारी मी रायफल मोठ्या थाटात नानांपुढे धरली. नानांनी नळीवर बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"रतिलालभाऊ, काळी कसाले लयनात? पांढरी नही भेटनी का?"

"नाना, तुमच्यासाठी भांडून घेतली," म्हणत मी सगळं ओकून टाकलं.

नाना ठसका लागेपर्यंत हसले.

"माले इचारं का कोनी? तुम्ही बठ्ठा आळशी. मी नही पुशी तर बंदूक गंजी जाई, म्हनीसन मी येस. मनी पोर ताईबाई पिंपळनेरले शे. दर आईतवारे बलावस. माले वाटे, स्टेनलेस उनी का मी सुटनू!"

म्हणजे स्टेनलेस आली असती, तर नाना यातून सुटून दर रविवारी लेकीकडे जाणार होते, आणि ती मीच अडवली होती! सुकदेव सर तर मांडी ठोकून हसत होते.

नानांनी चिंधी माझ्या हातात दिली. त्यांचे डोळे भरून आले होते. "मनाकरता भांडनात? इतलं कोनी करत नही, भाऊ. पन आते तेल तुम्ही लावा."

पुढच्या रविवारी नाना पिंपळनेरला. त्याच्या पुढच्याही. मी लिंबाखाली तेल चोळत बसलो. शेजारची त्यांची खुर्ची मला बघवेना. सांभाळायला गेलो आणि माणूसच घालवला, असं वाटून मी दोनदा सरांवर उगाच खेकसलो.

मग एका रविवारी नाना आले. चिंधीकडे ढुंकूनही न बघता खुर्ची उचलून त्यांनी पुढे नेली आणि पाय पसरून बसले.

"नाना, काही काम होतं का?" मी विचारलं.

"काम नही म्हनीसन त उनू. इतला वरीस खाले मान घालीसन नळीच पुसी. आज तुम्हना नेम देखू द्या."

काम नाही म्हणूनच आलेल्या नानांसमोर मी पालथा पडून नेम धरला. पहिली गोळी कागदाबाहेर गेली. नाना पोट धरून हसले, आणि मला इतकं बरं वाटलं की दुसरीही बाहेरच गेली.